पगारी ससा

धावणे हा प्रकार माणसाला दोनच प्रसंगी शोभतो. मागे कुत्रे असेल तेव्हा, नाही तर पुढे बस असेल तेव्हा. ह्या दोन्ही प्रसंगी वेग किती ठेवावा ह्याचा विचार आपल्याला करावा लागत नाही. तो कुत्रा ठरवतो किंवा कंडक्टर ठरवतो. माझ्या आयुष्यातले एकूण धावणे ह्या दोनच खात्यांत जमा आहे आणि त्या काळात "काका, तुमचा पेस काय?" असे मला कोणी विचारले नव्हते.

आता विचारतात. पहाटे दुधाची पिशवी आणायला म्हणून बाहेर पडावे तर रंगीबेरंगी बुटांतली बरी बरी माणसे मागे कुत्रे नसताना आणि पुढे बस नसताना पळत असतात. दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघतात. किती वाजले ते त्यांना नको असते. त्या घड्याळाला ते फक्त "मी कसा चाललोय?" एवढेच विचारत असतात आणि घड्याळ बहुधा "बरा नाही" असे सांगते, कारण पुढच्या क्षणी चेहरा पडतो.

माझा भाचा ह्यांतलाच. बेचाळिसाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटर पळायचे असे त्याने जाहीर केले. माझी बहीण म्हणाली, "बरं झालं आत्ताच ठरवलंस. साठीला ठरवलं असतंस तर साठ पळावे लागले असते."

पेस म्हणजे एक किलोमीटर पळायला किती मिनिटे लागतात तो आकडा, हे मला त्यानेच समजावले.

"म्हणजे आकडा जितका लहान, तितका माणूस मोठा?"

"बरोबर, मामा."

"आमच्या बँकेत उलटं होतं."

मग त्याने एक फार चमत्कारिक गोष्ट सांगितली. लांबच्या शर्यतीत खरी परीक्षा पायांची नसते, सुरुवातीला स्वतःला आवरण्याची असते. "मामा, पहिले दहा किलोमीटर इतकं हळू पळायचं, की आपली आपल्याला लाज वाटली पाहिजे." हे वाक्य मला अतिशय आवडले. ह्या नियमाने मी जन्मभर उत्तम मॅरेथॉन पळत होतो आणि मला पत्ता नव्हता.

ह्या मंडळींत 'वेळ बँकेत टाकणे' असा एक वाक्प्रचार आहे. सुरुवातीला पायांत जोर आहे तोवर जोरात पळून घ्यायचे, चार-पाच मिनिटे वाचवून ठेवायची आणि शेवटी दमलो की ती वापरायची. ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! पण मी एका बँकेत छत्तीस वर्षे काढली आहेत. जी बँक सकाळी ठेवी घेते आणि दुपारी खातेदाराला म्हणते, "ठेव गेली, शिवाय तुमच्याकडूनच येणे निघते," ती बँक कसली असते ते मला चांगले ठाऊक आहे. जाणकार धावपटूही हेच सांगतात. सुरुवातीला वाचवलेल्या एका मिनिटाचे शेवटी तीन-चार मिनिटे व्याज द्यावे लागते.

ह्यामागचे शास्त्रही अगदी बँकेचेच आहे. शरीराची दोन खाती असतात. एक चालू खाते. त्यात स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर असते, ग्लायकोजेन म्हणतात तिला. ती झटकन काढता येते, पण शिल्लक मोजकी, सुमारे दोन हजार कॅलरींची. दुसरे खाते चरबीचे. ही मुदत ठेव. शिल्लक भरपूर (माझी तर डोळ्यांत भरण्यासारखी), पण ती मोडायला वेळ लागतो. काउंटरवर घाई केलेली तिला चालत नाही. सावकाश पळालात तर दोन्ही खात्यांतून थोडे थोडे निघते. जोरात पळालात की सगळा भार चालू खात्यावर. सत्तर किलोच्या माणसाला एका किलोमीटरला सत्तरएक कॅलरी लागतात, म्हणजे बेचाळीस किलोमीटरना तीन हजारांच्या घरात. शिल्लक दोन हजार. तेव्हा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास चेक परत येऊ लागतात. धावपटू ह्याला 'भिंत' म्हणतात. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर साधारण त्याच सुमाराला पेडर रोडचा चढ लागे आणि कित्येकांनी तिथे आपल्या आयुष्याचा फेरविचार केला आहे.

इथवर सगळा हिशेब झाला आणि हिशेबाला माझी ना नाही. माझी अडचण वेगळी आहे. शाळेत आम्हांला शिकवले ते असे, की जे करायचे ते जीव ओतून करावे. 'हातचे राखून' हा शब्दप्रयोग आमचे मास्तर शिवीसारखा वापरत. "हातचं राखून अभ्यास करतोस, गाढवा?" आणि आता भाचा सांगतो, की हातचे राखणे हीच मुळात विद्या आहे. दोघांपैकी खरे कोणाचे?

प्रश्न साधा वाटतो, पण पंगतीत बसून पाहा. वरण-भातावर हात आखडता घेऊन, मसालेभाताला "थोडासाच" म्हणून, जिलबीच्या परातीकडे डोळा लावून बसलेला माणूस शहाणा की लबाड? मी त्याला शहाणा म्हणतो, कारण तो बहुधा मीच असतो. पण शेजारी बसलेला, पहिल्या वाढपालाच मनसोक्त जेवून जिलबीच्या वेळी हताशपणे हात आडवा धरणारा भोळा माणूस सगळ्यांना जास्त आवडतो, हेही मी पाहिले आहे.

शर्यतीतही तसेच होते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि मैदानात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली. त्यामुळे अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड. म्हणजेच ४२ किलोमीटर १९५ मीटर. १९२१ साली हेच अंतर जगभर कायमचे झाले. ह्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री मागून येत होता. पुढचा दक्षिण आफ्रिकेचा हेफरॉन दमतो आहे असे दिसताच त्याने असा काही जोर लावला, की तो मैदानात पहिला शिरला. शिरला आणि उलट्या दिशेने पळू लागला. वळवला, तर पडला. उठला, पुन्हा पडला. असे चार-पाच वेळा झाले. शेवटी पंचांनी हाताला धरून त्याला रेषेपलीकडे नेले आणि ह्या मदतीबद्दलच तो बाद झाला. सुवर्णपदक मिळाले अमेरिकेच्या जॉनी हेज ह्याला. हेज सुरुवातीला शहाण्यासारखा मागे राहिला होता. शक्ती राखून, एकेकाला गाठत, स्वतःच्या पायांनी रेषा ओलांडून आला होता.

आता मला सांगा, ह्या हेजचे नाव तुम्ही कधी ऐकले होते? राणीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला तो दोरांदोला. फोटो छापले गेले ते दोरांदोचे. ज्याने हिशेब बरोबर ठेवला त्याला पदक मिळाले आणि ज्याचा हिशेब चुकला त्याला जग मिळाले. बँकेत असा न्याय लावला असता तर आमच्या निम्म्या स्टाफचे पुतळे झाले असते.

दोरांदोने मुद्दाम तसे केले नव्हते, हे कबूल. पण मुद्दाम करणारेही निघाले. अमेरिकेच्या स्टीव्ह प्रिफाँटेनला मागे लपून राहायचे आणि शेवटच्या फेरीत झडप घालायची, हा प्रकारच भ्याडपणाचा वाटे. १९७२ साली म्युनिकला पाच हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत सगळे एकमेकांकडे बघत रमतगमत चालले होते. शेवटच्या चार फेऱ्या उरल्यावर हा एकवीस वर्षांचा पोरगा पुढे गेला आणि त्याने सगळ्यांना पळायला लावले. फिनलंडचा लासे विरेन त्याच्या मागे शांतपणे राहिला आणि योग्य वेळी पुढे जाऊन जिंकला. ट्युनिशियाचा गामूदी दुसरा. आणि प्रिफाँटेनला निदान तिसरा नंबर मिळेल म्हणावे, तर शेवटच्या काही पावलांत ब्रिटनच्या स्ट्यूअर्टने तोही हिसकावला. चौथा. ज्याने शर्यतीला शर्यत केले, त्याच्या हाती काही नाही. पुढे तीन वर्षांनी तो मोटार अपघातात गेला.

उलट आपला मिल्खा सिंग. रोम, १९६०. शर्यत चारशे मीटरचीच, पण तिथेही पेस आडवा आलाच. त्याने स्वतःच पुढे सांगितले, की आपण फार जोरात निघालो असे वाटून त्याने मध्ये वेग आवरला. तोही चौथा. म्हणजे एकाने हातचे राखले नाही म्हणून चौथा, दुसऱ्याने राखले म्हणून चौथा. नीतिशास्त्राची पुस्तके अशा वेळी दुसऱ्या प्रकरणाकडे वळतात.

मग वेग बरोबर आहे की नाही हे कळायचे कसे? चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने सरळ विचारूनच टाकले. १९५२ साली हेलसिंकीत पाच हजार आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदके मिळवून हा गृहस्थ मॅरेथॉनलाही उभा राहिला. ह्यापूर्वी तो मॅरेथॉन कधी पळालाच नव्हता. शेजारी इंग्लंडचा जिम पीटर्स, त्या वेळचा जगातला सर्वांत वेगवान मॅरेथॉन धावलेला माणूस. झाटोपेकने पळता पळता त्याला विचारले, हा वेग ठीक आहे ना? पीटर्सचा जीव तोवर मेटाकुटीला आला होता. पण प्रतिस्पर्ध्याला ते कसे सांगायचे? तो म्हणाला, फारच हळू चाललोय. झाटोपेकने हे खरे मानले, "असं का?" अशा अर्थाने मान हलवली असावी, आणि तो निघून गेला. जिंकला. पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. अनोळखी माणसाला रस्ता विचारून बिनचूक पोचल्याची ही एकच घटना मला माहीत आहे.

पीटर्स लबाड माणूस नव्हता. हातचे राखणेही त्याला जमत नव्हते. १९५४ साली व्हँकूव्हरला तो सतरा मिनिटांच्या आघाडीने मैदानात शिरला आणि रेषेच्या अलीकडेच पुन्हा पुन्हा कोसळला. त्याची शर्यत पुरी झालीच नाही, आणि त्यानंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही.

माझी एक आत्या वारीला जायची. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, चपला धड नाहीत, डोक्यावर गाठोडे. तिला मी लहानपणी विचारले होते, "आत्या, तू पुढे असतेस की मागे?" ती हसून म्हणाली, "पुढं जाऊन करायचं काय? मुक्काम तर ठरल्याला असतुया. आधी पोचलं तर तंबू बी आपुनच ठोकायचा." आणि इतके दिवस रेंगाळत, गात, थांबत चालणारी हीच माणसे वेळापूरच्या अलीकडे उतारावर अचानक धावत सुटतात. 'धावा' म्हणतात त्याला. भाच्याच्या भाषेत ह्याला 'निगेटिव्ह स्प्लिट' म्हणतात, म्हणजे शर्यतीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा वेगात पळणे. आत्याला हे सांगितले असते तर तिने माझ्या कपाळाला बुक्का लावला असता.

पण आत्याचे उत्तर शर्यतीला लागू पडत नाही, कारण तिथे कोणाला पहिले यायचेच नव्हते. शर्यत म्हटली की कोणी तरी पुढे असणार. आणि पुढे असणे ह्याची एक किंमत असते, ती वाऱ्याची. पुढचा माणूस हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने येतो. शिवाय पुढच्याला प्रत्येक पावलाला ठरवावे लागते, की हा वेग जास्त तर नाही ना, कमी तर नाही ना. मागच्याला काही ठरवावे लागत नाही. समोरच्या बनियनवरचा आकडा वाचत यायचे. म्हणजे हातचे राखून पळणारा शहाणा माणूस नुसता स्वतःचे राखत नसतो, तो दुसऱ्याचे खात असतो. माझ्या पंगतीच्या दृष्टांतात हा मुद्दा नव्हता. तिथे मी जिलबी माझ्याच वाट्याची खात होतो.

ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क असाच नेहमी पुढे पळायचा. जागतिक विक्रम त्याने डझनाहून जास्त केले. ऑलिंपिकचे सुवर्णपदक एकही नाही, १९६४च्या टोकियोतले एक कांस्यपदक तेवढे. त्याच्या आडोशाने आलेले पुढे जात. पुढे हा क्लार्क चेकोस्लोव्हाकियात पळायला गेला असता निघताना झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानसे पुडके ठेवले. विमानात उघडून पाहतो तो आत झाटोपेकचे हेलसिंकीचे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक. मला ही गोष्ट कितीदाही ऐकायला आवडते. पदके देण्याचे काम ऑलिंपिक समितीऐवजी झाटोपेककडे सोपवायला हवे होते.

तर हा वारा खायला कोणी तयार होईना म्हणून जगाने युक्ती काढली. पैसे देऊन माणूस ठेवायचा. त्याने पुढे पळायचे, ठरलेल्या वेगाने ठरलेल्या अंतरापर्यंत मागच्यांना आणायचे आणि बाजूला व्हायचे. इंग्रजीत ह्याला 'रॅबिट' म्हणतात, म्हणजे ससा. इसापाच्या बिचाऱ्या सशाला मध्येच डुलकी लागली म्हणून त्याची अडीच हजार वर्षे नालस्ती चालली आहे. आताच्या सशाला मध्येच थांबण्याबद्दल पगार मिळतो!

हे योग्य का? १९५४च्या ६ मे रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर एक मैल चार मिनिटांच्या आत पळाला, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत. त्याच्या पुढे आधी ख्रिस ब्रॅशर आणि मग ख्रिस चॅटवे हे त्याचे दोन दोस्त पळत होते, पगाराशिवाय. अशा आयत्या आडोशाने केलेला विक्रम खरा का, अशी कुरकुर तेव्हाही झाली. त्या शर्यतीतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सुरुवातीला बॅनिस्टर इतका ताजातवाना होता, की त्याला वेग कमी वाटला आणि तो मागून ओरडला, "जोरात!" ब्रॅशरने ऐकले नाही. तो आपल्या चालीने पळत राहिला. चाल बरोबर होती. नाही तर इतिहास झाला नसता. म्हणजे सशाची कामे दोन. वारा खायचा आणि मागच्याचे ऐकायचे नाही. दुसरे जास्त कठीण.

(ह्या ब्रॅशरला दोन वर्षांनी मेलबर्नला स्वतःचे सुवर्णपदक मिळाले, स्टीपलचेसमध्ये. सांगून टाकतो, नाही तर वाचकांना हुरहुर लागायची.)

कधी कधी सशाचे मागच्यांनीच ऐकायचे नाही असे ठरवले तर? १९८१ साली ऑस्लोला दीड हजार मीटरच्या शर्यतीत टॉम बायर्स नावाचा अमेरिकन ससा पुढे निघाला. मागे स्टीव्ह ओव्हेटसारखे दिग्गज. ससा काय, थांबेलच आपोआप, म्हणून त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. बायर्सने मागे पाहिले तर कोणीच नाही. मग थांबायचे कोणासाठी? तो पळतच राहिला आणि ओव्हेटच्या आधी अर्ध्या सेकंदाने पहिला आला. कारकुनाला खुर्चीवर बसवून साहेब चहाला गेले आणि परत येऊन पाहतात तर कारकुनाच्या नावाची पाटी लागलेली!

आणि २०१९ साली व्हिएन्नात तर एलियुड किपचोगेने दोन तासांच्या आत मॅरेथॉनचे अंतर कापले तेव्हा त्याच्याभोवती पाळीपाळीने एकेचाळीस ससे होते. त्यांत ऑलिंपिक विजेतेसुद्धा होते. १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद. नियमात बसत नव्हते म्हणून विक्रमाच्या वहीत त्याची नोंद झाली नाही. शेवटी सगळे ससे मागे सरले, त्याला एकट्याला पुढे जाऊ दिले आणि स्वतः टाळ्या वाजवत, नाचत मागून आले. मी तो भाग भाच्याच्या फोनवर पाहिला. मला त्या एकेचाळिसांच्या तोंडाकडेच बघावेसे वाटले. स्वतःचे लग्न असावे तशी आनंदलेली होती माणसे.

भाचा त्याच्या शर्यतीहून आला तेव्हा म्हणाला, "मामा, मी शेवटपर्यंत बसमध्ये होतो." माझ्या पोटात धस्स झाले. घराण्यात असे कोणी केले नव्हते. मग खुलासा झाला. पाठीवर झेंडा लावलेला एक माणूस असतो. झेंड्यावर वेळ लिहिलेली, 'साडेचार तास' वगैरे. ज्याला तेवढ्या वेळात पोचायचे असेल त्याने त्याच्या मागे घोळक्याने पळायचे. ह्या घोळक्याला बस म्हणतात. झेंडेवाला स्वतः साडेतीन तासांत सहज पोचणारा असतो, पण त्या दिवशी तो साडेचारच घेतो. ना कमी, ना जास्त. वाटेत लोकांना पाणी प्यायची आठवण करतो, चढावर विनोद सांगतो. म्हणजे हाही हातचे राखूनच पळतो! पण हातचे राखले ते कोणासाठी, हा प्रश्न त्याला विचारावा लागत नाही. उत्तर पाठीवरच्या झेंड्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेले असते.

हे सगळे ऐकताना मला आमचा दादा दिसत होता.

वडील गेले तेव्हा दादा इंटरला होता, मी आठवीत, धाकटा चौथीत आणि बहीण शाळेतसुद्धा जात नव्हती. दादाने कॉलेज सोडले आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली. पुढची चौदा वर्षे वारा त्याने खाल्ला. आम्ही त्याच्या शर्टाच्या पाठीकडे बघत आलो. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एक नोकरी मिळत होती. मी म्हटलं, घेतो, घरात दोन पगार होतील. मागून ओरडलोच म्हणा ना, "जोरात!" दादा म्हणाला, "पदवी घे." मी वाद घातला, तर तो वर्तमानपत्र वाचू लागला. मग मी बँकेत लागलो, धाकटा इंजिनियर झाला, बहिणीचे लग्न झाले आणि तेव्हा कुठे, आम्ही सगळे पुढे गेल्यावर, दादाने स्वतःचे लग्न केले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

मी निवृत्त झालो तेव्हा सत्कारात वक्त्यांनी सांगितले, की हे गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर वर आले. तिसऱ्या रांगेत बसून ह्या वाक्याला सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारा माणूस दादा होता.

परवा रविवारी त्याच्याकडे गेलो. आता तो ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण डोके शाबूत. मी त्याला झेंडेवाल्याची, ब्रॅशरची, बायर्सची, सगळ्या सशांची हकिकत सांगितली आणि हळूच म्हटलं, "दादा, आपल्या घरात ससा तू."

"छट्!" दादा म्हणाला. "मला कुठं पळायचं होतं? इंटरच्या गणितानं जीव नकोसा केला होता. कॉलेज सोडायला कारणच शोधत होतो."

मॅट्रिकपर्यंत माझे गणित दादाच घेत असे. बीजगणिताचे पुस्तक त्याला उघडावे लागत नसे.

मी विषय बदलला. म्हटलं, "अरे, एका सशाला तर मोटार मिळाली." १९९४ साली लॉस एंजेलिसच्या मॅरेथॉनमध्ये पॉल पिल्किंग्टन नावाचा ससा ठेवला होता. पंधरा मैल आघाडी सांभाळून बाजूला व्हायचे. तेवढे पळून झाल्यावर त्याने मागे पाहिले, कोणी जवळपास नव्हते, पाय चांगले चालत होते. तो पळतच राहिला आणि जिंकला. बक्षिसात मर्सिडीज मिळाली. मागून आलेला इटलीचा धावपटू बिचारा आपणच पहिले आलो अशा समजुतीत होता. ससा कधीच बाजूला झाला असेल, असे त्याला वाटले.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला सांगितलं कोणी?"

"कोणाला?"

"त्या इटलीवाल्याला. दुसरा आलास म्हणून. सांगणाऱ्याची पंचाईतच झाली असेल रे."

वहिनींनी पोहे आणले. ते खाऊन मी निघालो. जिना उतरून फाटकापाशी आलो तेव्हा वरून गॅलरीतून हाक आली. मी मान वर केली. दादा कठड्याला धरून उभा होता.

"सावकाश जा. चौकात खणून ठेवलंय."